पाठीच्या कण्याचा फोटो
(धाटाव, ता. रोहा येथील बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आपण कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू शेतकरी. घाट उतरून या धाटावला आलो, तर एकीकडे भाताची खाचरं आणि दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने. कारखान्यात उंचावरून पडलेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ साली आला. कडब्याच्या गंजीवरून पडलेल्या शेतकऱ्याची साधी नोंद तरी कोण ठेवतो?

आज मी कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. कापसाच्या भरल्या गाडीवरून पडलेल्या माझ्या चुलतभावाबद्दल बोलणार आहे.

तो पडला तेव्हा आम्ही चौघांनी काखेत हात घालून त्याला उभा केला. पाय बधिर झाले, असं तो सांगत होता. तसाच जीपमध्ये मुडपून घातला. एका दवाखान्यात फोटो काढला, फक्त समोरून. हाड शाबूत आहे, घरी न्या, असं सांगितलं. आठ दिवस शेक आणि मालीश चालली. मग दुसरीकडे बाजूने फोटो काढला, तेव्हा कमरेजवळचा मणका चेपलेला निघाला. आज तो काठी घेऊन चालतो. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण आम्ही त्याला उचललं कसं, ते मला विसरता येत नाही.

म्हणून हा फोटो काय सांगतो, हे समजून घेऊ. १८९५ साली जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाला हे क्ष-किरण सापडले. त्यांनी पेटंट घेतलं नाही, शोध जगाला मोकळा ठेवला. किरण मांसातून सहज पार जातात, हाडातला चुना त्यांना अडवतो. म्हणून हाड पांढरं दिसतं.

मणके मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. उंचावरून पडलेल्याचा मणका बहुधा पाठ आणि कंबर मिळते तिथं मोडतो. तो पुढून किती चेपला, हे बाजूच्या फोटोत नीट दिसतं. म्हणून फोटो दोन्ही अंगांनी हवा. मानेच्या फोटोत सातही मणके दिसले पाहिजेत. खालचा खांद्याआड लपतो. माणूस टाचांवर आदळून टाच मोडली असेल, तर पाठही तपासून घ्या.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फोटोत हाड दिसतं, आतला मज्जारज्जू दिसत नाही. बारीक मोडही सुटू शकते. फोटो चांगला आला, पण पाय बधिर आहेत, ताकद नाही, लघवी अडली आहे, तर घरी परतू नका. हाडाची बारीक मोड सीटी स्कॅनमध्ये कळते, मज्जारज्जू एमआरआयमध्ये. लहान मुलांच्या तर हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होते.

शेतात माणूस पडला तर त्याला बसवू नका, उभा करू नका. मान, पाठ, कंबर एका रेषेत राहू द्या. १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल, तर एकाने डोकं धरावं, तिघाचौघांनी एकदम कुशीवर वळवून दारावर किंवा रुंद फळीवर घ्यावं. हाडवैद्याकडून ओढून घेणं, मालीश करणं तपासणीआधी नकोच.

आता हिशेबाचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख, दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक झाला तर १ लाख. कण्याची इजा होऊन पाय गेले, तरी पाय जागेवर दिसतात. ते निकामी आहेत हे कागदानेच सिद्ध करावं लागतं. म्हणून फोटो, अहवाल, दाखले, एकही कागद टाकू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज लगेच करा.

कणा दुखावला म्हणजे माणूस संपला, असंही नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं.

तेव्हा गावी गेल्यावर एक काम करा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारा. क्ष-किरण यंत्र चालू आहे का? चालवणारा माणूस रात्री असतो का? वीज गेली तर सोय काय? उत्तरं लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. कणा मोडलेला शेतकरी मोर्चाला येऊ शकत नाही. त्याच्या वतीने आपल्यालाच विचारावं लागेल.