मुलाच्या रथाचे सारथ्य

(आहुपे, ता. आंबेगाव येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सह्याद्रीच्या ऐन कड्यावरील या गावात बोलताना एक दृश्य डोळ्यांसमोर येते. सुट्टी संपलेली असते. वसतिगृहात परतण्याच्या आदल्या संध्याकाळी नववी-दहावीतला मुलगा जेवत नाही. पोटात दुखते म्हणतो, रात्रभर तळमळतो. पुण्यातल्या सदनिकेत हेच दृश्य परीक्षेच्या सकाळी दिसते. घरे निराळी, पण आई-वडिलांची उत्तरे दोनच. एक, "भित्रा कुठला! आमच्या वेळी असले काही नव्हते." दुसरे, "राहू दे, आज नको जाऊस." दोन्ही उत्तरे मायेपोटी येतात आणि दोन्ही चुकतात.

हा भित्रेपणा नव्हे. गीतेचा पहिला अध्याय आठवा. गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह होऊ लागला, हातातून गांडीव गळू लागले. अर्जुनाच्या विषादाचे कारण फार मोठे होते हे खरे. परंतु आजचे डॉक्टर तीव्र चिंतेची जी लक्षणे सांगतात, ती याहून फारशी वेगळी नाहीत. आणि ही अवस्था त्या काळातल्या श्रेष्ठ धनुर्धराची झाली होती! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १५ ते १९ वयोगटातील शंभरांत सुमारे ५ मुलांना चिंतेचा विकार असतो. मग त्यात लाज कसली?

आता सारथ्याकडे पाहा. अर्जुन बोलत असताना श्रीकृष्णाने त्याला मध्येच तोडले नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याने दोन श्लोकांत दटावले जरूर. पण तेवढ्याने गांडीव उचलले गेले नाही. पुढे अठराव्या अध्यायापर्यंत संवाद करावा लागला आणि अखेरीस, "विचार कर आणि तुला योग्य वाटेल ते कर," असे सांगून निर्णय अर्जुनावरच सोपवला. भगवंताने रथ माघारी वळवला नाही आणि अर्जुनाच्या वाटचे युद्धही स्वतः केले नाही. पालकांचे काम नेमके हेच आहे.

याची रीत तुम्हांला मी शिकवायला नको. आहुप्याचा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाटेवर लेकराला प्रथम कसे नेतात? खांद्यावर घेऊन नेले, तर वाट त्याच्या पायांना कधीच कळत नाही. मागून ढकलले, तर जन्माची धास्ती बसते. जाणता माणूस एक पाऊल पुढे राहतो, हात जवळ ठेवतो. पहिल्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत, मग दुसऱ्या. भीतीही अशीच उतरते. वर्गात उभे राहून वाचण्याची धास्ती असेल, तर आधी आईसमोर, मग दोन मित्रांसमोर, मग वर्गात. टाळल्याने तेवढ्यापुरती सुटका होते, पण पुढच्या वेळी भीती वाढून परत येते.

प्रथम ऐकून घ्या. मात्र मूल एखाद्या जागी जायला घाबरते, तेव्हा तिथे कोणी त्याला छळत तर नाही ना, हे आधी तपासा. तसे असेल तर मुलाला नव्हे, परिस्थितीला बदलायला हवे. झोप, वेळेवर जेवण आणि मैदानावरचा खेळ सांभाळा. दीर्घ श्वास सोडण्याचा सराव शांत वेळी करून घ्या. शेजारच्या मुलाच्या गुणांचा विषय ताटावर काढू नका.

धडधड, पोटदुखी, निद्रानाश आठवडे टिकला, शाळा सुटू लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा; शरीराचा काही आजार नाही ना, हेही कळेल. देवापुढे अवश्य हात जोडा, पण त्यासाठी डॉक्टर टाळू नका. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक घरात लिहून ठेवा; तिथे मराठीत बोलता येते. मूल मरणाची भाषा बोलले, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. घरोघरी जाता तेव्हा मुलांना "किती टक्के पडले?" असे विचारण्याआधी "कसा आहेस?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. राष्ट्राची उद्याची पिढी असे आपण ज्यांना म्हणतो, त्यांच्या रथावर आज कोणीतरी शांतपणे बसलेले हवे.