जोडसाधने आणि पूर्वसूचना



शाळेच्या संगणकावर काल चालणारे एखादे साधन आज एकाएकी चालेनासे होते. दोष आपल्याच हाताळणीचा असावा, असे वाटून शिक्षक खजील होतो. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. हे कसे घडते, ते फायरफॉक्स ह्या ब्राउझरच्या उदाहरणावरून चांगले समजते.

मोझिला ही संस्था हा ब्राउझर तयार करते. त्यात बाहेरच्या लोकांनी रचलेली जोडसाधने, म्हणजे अ‍ॅड-ऑन, बसविण्याची सोय पूर्वीपासून आहे. जुन्या पद्धतीची साधने ब्राउझरच्या जवळजवळ कोणत्याही अंतर्भागाला हात घालू शकत. त्यामुळे ती सामर्थ्यवान झाली. परंतु आतील रचना बदलली की ती मोडत. घराच्या भिंतीच्या आधाराने मांडव घातला, तर भिंत हलविताच मांडव कोसळावयाचाच.

पुढे एक पान अडकले तरी सर्व ब्राउझर बंद पडू नये, म्हणून त्याचे काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांत विभागण्याचे ठरले. जुन्या साधनांना हे मानवणारे नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने बदल जाहीर केला. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७ वी आवृत्ती आली आणि तीत जुन्या पद्धतीची साधने बंद झाली. नोस्क्रिप्ट हे साधन थोड्याच दिवसांत नव्या रूपात आले. डाउनदेमऑल २०१९ मध्ये परतले. कित्येक मात्र कायमची गेली. काहींना नव्या पद्धतीत पुरेशी मोकळीक नव्हती. काहींच्या कर्त्यांना फावल्या वेळात सर्व काम पुन्हा करणे झेपले नाही.

बदल आवश्यक होता. दोन वर्षांहून अधिक अवधी दिला होता. जुनी साधने चालविणारी ५२ वी दीर्घकालीन आवृत्तीही २०१८ पर्यंत राखली होती. तथापि सूचना कर्त्यापर्यंत पोहोचली, म्हणजे वापरणाऱ्यापर्यंत पोहोचलीच असे नव्हे. अनेकांना ती कळली, ती साधन बंद पडल्यावरच.

ह्यावरून शिक्षकाने काय घ्यावे? नव्या आवृत्त्या नाकारू नयेत. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात. शाळेत कोणती जोडसाधने वापरली जातात, त्यांची यादी ठेवावी. नवी आवृत्ती प्रथम एका संगणकावर पाहावी. आणि ज्या पाठासाठी असे साधन लागते, तो खडू-फळ्यावरही घेता येईल अशी तयारी असावी. साधन बंद पडले तरी मुलांचा तास बुडता कामा नये.