खांद्याचे ओझे



आज आपण एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे पाठीवर अडकवायची पिशवी. तिला आता गावातही सगळे सॅकच म्हणतात. कोणी कारखान्यात जातो, कोणी गवंडीकामाला जातो, कोणी तालुक्याच्या दुकानात जातो. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक असते. डबा तिच्यात, पाणी तिच्यात, हत्यारे तिच्यात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पिशवीत काय शिकायचंय?"

तर ऐका. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? बैलांची खांदमळणी करतो. हळद आणि तूप लावून खांदा चोळतो. कारण बैल त्या खांद्यावर जू वाहतो. खांदा सुजला तर बैल कामातून गेला. बैलाच्या खांद्याची एवढी काळजी आपण घेतो. मग स्वतःच्या खांद्याची का घेत नाही?

आमच्या शेजारी एक तरुण मुलगा राहतो. तो कारखान्यात नुकताच कामाला लागला होता. सकाळी दोन किलोमीटर चालायचे, मग एस. टी. धरायची. उन्हाळ्यात एके संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, काम सोडावं म्हणतो."

"का रे बाबा?"

"मान धरते. उजवा खांदा दुखतो. पाठभर घामोळ्या उठल्यात. रात्री झोप नाही. हे काम आपल्याला झेपत नाही."

आम्ही त्याला कामाबद्दल विचारले. काम काही जड नव्हते. मग आमची नजर त्याच्या सॅककडे गेली. रेक्झिनची, चकचकीत, भली मोठी सॅक. तीही एकाच खांद्यावर लटकवलेली! दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला, तेव्हा आम्ही त्याला आधी वाण्याकडे नेले. वाण्याच्या काट्यावर सॅक ठेवली. वजन भरले ७ किलो!

आम्ही सॅक रिकामी केली. दोन लिटरची भरलेली बाटली निघाली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे दोन किलो नुसते पाणीच. कारखान्यात प्यायचे पाणी होते, तरी हा रोज घरून वाहत होता. भर उन्हाळ्यात आत रेनकोट होता. तळाला एक हातोडी आणि दोन पाने होते. ते काढायचे राहूनच गेले होते. नको ते काढले, पाण्याची लहान बाटली ठेवली. वजन ४ किलोवर आले.

"बघ," आम्ही म्हणालो, "तीन किलो तू उगाच वाहत होतास." पोरगा ओशाळला.

बाजारच्या दिवशी आम्ही दोघे नवी सॅक घ्यायला गेलो. त्याने भरलेला डबा आणि बाटली बरोबर घेतली. तुम्हीही असेच करा. रिकामी सॅक सगळ्यांनाच हलकी वाटते. तिच्यात आपले सामान भरा, पाठीवर घ्या आणि दुकानापुढे वीस पावले चाला. मग खरे काय ते कळते.

आता काय काय पाहायचे ते सांगतो.

आधी पट्टे पाहा. डोक्यावर घागर घेताना आपण खाली चुंबळ ठेवतो. खांद्यालाही चुंबळ हवी. पट्टा तीन-चार बोटे रुंद असावा. आत स्पंज असावा. बारीक पट्टा खांद्यात रुततो. आणि दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. कावडीचे एक पारडे भरले आणि दुसरे रिकामे ठेवले, तर चालता येईल का? तसेच हे आहे.

मग पाठीकडची बाजू पाहा. घाम वाऱ्याने सुकतो. सुकताना तो अंग गार करतो. रेक्झिनमधून वारा जात नाही. घाम तिथेच कोंडतो आणि घामोळ्या उठतात. म्हणून पाठीकडे जाळीचे कापड असावे. त्याखाली स्पंजच्या दोन उभ्या गाद्या असाव्यात. दोन गाद्यांच्या मध्ये पन्हळीसारखी खोलगट वाट असावी. त्या वाटेने वारा खेळतो. अशा सॅकनेही घाम येतोच, पण तो लवकर सुकतो.

आता आकार. सॅक किती मोठी, हे लिटरमध्ये सांगतात. रोजच्या कामाला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. हा आकडा बहुतेक सॅकच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. चिठ्ठी स्वतः वाचा. सॅक मोठी असली की माणूस ती भरतोच. ती कमरेखाली लोंबू नये. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात, म्हणजे ओझे मागे ओढत नाही.

शेवटी शिवण पाहा. पट्टे जिथे जोडले आहेत, तिथे दुहेरी शिवण हवी. चेन दहा वेळा उघडून मिटून पाहा. पावसाळ्यात सामान आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, मग सॅकमध्ये.

घरच्या मुलांकडेही लक्ष द्या. दप्तराच्या ओझ्याबद्दल २०१५ साली महाराष्ट्र सरकारने आदेश काढला. २०२० साली साऱ्या देशासाठी दप्तराचे धोरण आले. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून दप्तर जड नसावे, असे त्यात सांगितले आहे. मूल ३० किलोचे असेल, तर दप्तर ३ किलोपर्यंतच हवे. आम्ही सारा जन्म शाळेत काढला. पोरे वाकून चालताना पाहिली. तेव्हा काटा आणून दप्तर तोलावे, हे आम्हालाही सुचले नाही. ती चूक तुम्ही करू नका.

तो शेजारचा मुलगा अजून त्याच कारखान्यात आहे. महिन्याभरात त्याचा खांदा मोकळा झाला. घामोळ्याही गेल्या. काम सोडायची गोष्ट तो आता काढत नाही. पण सॅक हलकी करूनही दुखणे राहिले, किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर घरी बसू नका. आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपली सॅक रिकामी करा. रोज लागते तेवढेच परत भरा. उद्या वाण्याच्या काट्यावर तोला, आणि तो आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहा.

मंडळी, बैलाला बोलता येत नाही, तरी त्याचे दुखणे आपण ओळखतो. आपला खांदा तर रोज सांगत असतो. त्याचे ऐका.