गणिताच्या वाटेने अवकाशाकडे
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलगी शिकून शिक्षिका झाली की आपल्या घरी भरून पावल्यासारखे वाटते. त्या नोकरीला आम्ही कमी लेखत नाही. परंतु तो वाटेचा शेवट नव्हे, हे सांगण्यासाठी आम्ही एका शिक्षिकेचीच हकिकत आपणापुढे ठेवीत आहोत.

मेरी गोल्डा रॉस यांचा जन्म १९०८ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, चेरोकी या आदिवासी समाजात झाला. या समाजाला १८३८ साली सरकारने स्वतःच्या भूमीतून हुसकावले; हजारो माणसे दगावली. तरी मुलगा-मुलगी दोघांनाही शिकवायचे, ही रीत त्यांनी सोडली नाही. गणिताच्या वर्गात मुलगे एका बाजूला आणि मेरी एकट्या दुसऱ्या बाजूला बसत. १९२८ साली त्या पदवीधर झाल्या. नऊ वर्षे त्यांनी खेड्यांतील शाळांत गणित व विज्ञान शिकविले आणि १९३८ साली पदव्युत्तर पदवीही घेतली.

महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, लॉकहीड या विमान कंपनीने त्यांना गणितज्ञ म्हणून घेतले. पी-३८ या वेगवान लढाऊ विमानावर हवेच्या दाबाचा काय परिणाम होतो, याचे गणित त्या मांडीत. युद्ध संपल्यावर अनेक स्त्रियांना घरी बसावे लागले. रॉस यांना मात्र कंपनीने विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला पाठविले. १९५२ साली ४० अभियंत्यांच्या गुप्त संशोधन गटात त्यांची निवड झाली. त्यात स्त्री अभियंता त्या एकट्याच! तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

पुढे त्या प्रणाली अभियंता झाल्या. इंधन वाढविले की यानाचे वजन वाढते, वजन वाढले की सगळाच हिशेब बदलतो. या साऱ्याचा मेळ बसविणे हे त्यांचे काम. अजीना अग्निबाणावर त्यांनी काम केले. शुक्र-मंगळाकडे जाण्याच्या मार्गांची आकडेमोड देणाऱ्या नासाच्या ग्रंथाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. १९७३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलींना व आदिवासी तरुणांना अभियांत्रिकीकडे वळविले. २००८ साली त्यांचे निधन झाले. २०१९ साली अमेरिकेने त्यांच्या सन्मानार्थ एक डॉलरचे नाणे काढले.

मुलींनो, नोकरी लागली तर जरूर करा, पण वही मिटू नका. आणि पालकहो, कमावत्या मुलीने पुढे शिकायचे म्हटले, तर तिला अडवू नका.