घाताचा हिशेब आणि पापलेटाचें वजन

कफ परेडच्या मच्छीमार नगरांतील जाणती कोळीण पापलेट हातांत घेतांच त्याच्या वजनाचा अंदाज सांगते. परंतु हजारों माशांची नोंद ठेवणाऱ्या मत्स्यशास्त्रज्ञांना प्रत्येक मासा तोलणें शक्य नसतें. ते त्याची लांबी मोजतात आणि तिच्यावरून वजन काढतात.

येथें घातांक कामास येतो. मासा लांबीबरोबर रुंदीनें व जाडीनेंहि वाढतो. म्हणून त्याचें वजन साधारणतः लांबीच्या घनाच्या प्रमाणांत असतें. जातीपरत्वें हा घातांक ३ च्या किंचित् मागेंपुढें होतो, इतकेंच. १० चा घन १,००० आणि २० चा ८,०००. तेव्हां अर्ध्या लांबीचा मासा म्हणजे अर्धा मासा नव्हे. तो अष्टमांश होय!

हीं मोजमापें आतां संगणकाच्या कोष्टकांत ठेवितात व एसक्यूएल नांवाच्या भाषेंत त्याला प्रश्न विचारतात. त्या भाषेंत घातासाठीं ‘पॉवर’ हा शब्द आहे. त्याच्यापुढें कंसांत प्रथम २० व मग ३ लिहिले, कीं ८,००० हें उत्तर मिळतें. कित्येक जण त्याऐवजीं टोपीचें चिन्ह लिहितात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्यें त्याचा अर्थ घात असाच आहे. पण मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर यांत तें चिन्ह दोन संख्यांचे द्विमान अंक ताडून पाहतें, आणि उत्तर येतें २३! यंत्र मात्र चूक झाली म्हणून हूं कीं चूं करीत नाहीं.

दुसरी चूक याहून सूक्ष्म. १० व २० सेंटिमीटरांचीं दोन पापलेटें घ्या. आधीं सरासरी लांबी १५ काढून तिचा घन केला, तर ३,३७५ येतात. प्रत्येकाचा घन करून मग सरासरी घेतली, तर ४,५००. म्हणजे चतुर्थांश वजन हिशेबांतूनच नाहींसें झालें. यास्तव ‘पॉवर’ सरासरीच्या कंसाच्या आंत असावें, बाहेर नव्हे.

रुपेरी पापलेट २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याचीं पिल्लें जाळ्यांत सांपडलीं, तर किती वजन वाढण्यापूर्वींच गेलें, हें अशाच हिशेबानें कळतें. आणि हिशेब चुकला, तर हानीहि झांकली जाते. कोळीण लहान व मोठीं पापलेटें निरनिराळीं मांडते. तीं एकत्र करून सरासरी भाव ती कधींच सांगत नाहीं. संगणकास प्रश्न विचारणाऱ्यानेंहि तिचाच कित्ता गिरवावा.