जुनी गाडी घेताना कागद आणि लोखंड ताडून पाहा



आंब्याच्या पेट्या संगमेश्वरला पोचवायच्या, खताच्या गोणी आणायच्या, म्हाताऱ्या माणसाला देवरूखच्या दवाखान्यात न्यायचं, म्हणून आपल्याकडे जुनी जीप किंवा पिकअप घेणारे पुष्कळ आहेत. गणपतीला आलेला चाकरमानी आपली गाडी गावातच विकून जातो, नाहीतर आंबा घाट उतरून कोल्हापूरकडची एखादी येते. इंजिन कसं वाजतं ते आपण कान लावून ऐकतो. कागद मात्र पिशवीतून निघतात आणि तसेच पिशवीत जातात.

जमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय तुम्ही विसार देता का? गाडीचा सातबारा म्हणजे तिचं आरसी पुस्तक, हल्ली कार्ड. ते हातात घेऊन बॉनेट उघडा. इंजिन नंबर आणि चासी नंबर एकेक अक्षर लावून बघा. चासी नंबर लोखंडावर ठोकलेला असतो आणि आपल्या पावसात त्यावर गंज चढतो. तो कानशीनं घासू नका. नंबर खोडल्यासारखा दिसला तर संशय तुमच्यावरच यायचा. फडक्याला थोडं डिझेल लावून पुसा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा, नंबर उमटतो.

फरक निघाला, तर तो कसला आहे ते पाहा. १७ अक्षरी चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. तेव्हा कार्डावर शून्याच्या जागी ओ असेल तर ती बहुधा लिहिणाराची चूक. ती दुरुस्त करून घेता येते, पण विकणारानं ती विक्रीच्या आधी करून द्यावी. "मागाहून बघू" म्हणाला, तर पैसेही मागाहून. इंजिन बदललेलं असेल तर तशी नोंद परिवहन कार्यालयात हवी, गॅरेजवाल्याची चिठ्ठी पुरत नाही. मात्र चासीचे आकडेच निराळे असतील किंवा नंबराभोवती वेल्डिंगचा डाग दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

आता नाव. विकणारा आणि कार्डावरचा मालक एकच आहे का? दलाल सह्या केलेले कोरे टीटीओ फॉर्म पुढे करतो आणि मालक मुंबईला आहे म्हणतो. त्या मालकाशी स्वतः बोला. तो वारला असेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे, मग विक्री. कार्डावर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याची नुसती पावती चालत नाही. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो उतरवावा लागतो. कर्नाटक किंवा गोव्याची गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं आणि आपल्या राज्याचा करही भरावा लागतो. स्वस्त गाडी इथेच महाग पडते.

विकणारा गाडीचं साल सांगतो तेही कार्डावर पाहा. बनल्याचा महिना आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. खाजगी गाडीची १५ वर्षं नोंदणीपासून मोजतात. त्यानंतर तपासणी करून नोंदणी पुढे वाढवावी लागते.

सगळं जुळलं की २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर दोघांनी सह्या करून ते रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात द्यावेत. राज्यातल्या राज्यात विकणारानं १४ दिवसांत कळवायचं असतं. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत हातात ठेवावी आणि तसं करारात लिहावं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना अडचण येते.

आणि तुम्ही विकणारे असाल तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी दोन-तीन हातांतून गेली होती, पण नोंदीत पहिल्याच मालकाचं नाव राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. तेव्हा गाडी दिल्यावर महिन्याभरानं नंबर टाकून नाव बदललं का ते संकेतस्थळावर पाहा. मोबाईल जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, तो दोन मिनिटांत पाहून देईल.