कळकलेलं ताक

मराठीत 'कळकणं' असं एक क्रियापद आहे. पितळेच्या भांड्यात रात्रभर राहिलेलं ताक कळकतं. रसायनशास्त्रातली अख्खी अभिक्रिया आपल्या आज्यांनी एका शब्दात बसवली, याचं मला कवी म्हणून कौतुक वाटतं. मी बी.ए.चा माणूस, शास्त्राचं पुस्तक दहावीला मिटलं ते मिटलंच. पण माझे मामू कल्हई करायचे, त्यामुळे आम्लाशी ओळख पुस्तकाआधीची.

ताकात लॅक्टिक आम्ल असतं, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. पाण्यात ही सगळी हायड्रोजनचे धनभारित कण मोकळे करतात. जिभेला आंबट लागतं ते त्यांच्यामुळेच. कण किती, हे सामूवरून कळतं. शेतकरी माती-परीक्षणाच्या अहवालात वाचतात तोच सामू. शुद्ध पाण्याचा ७, ताकाचा साधारण ४.५, लिंबाच्या रसाचा २ च्या थोडा वर. आकडा एकानं उतरला की कण दहापट होतात.

अम्मी काळं पडलेलं तांब्याचं पातेलं चिंचेनं घासायची. चिंचेचं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि पातेलं लखलखतं. पण चिंचेचं सार त्याच पातेल्यात रात्रभर ठेवलं, तरी आम्लाचं हेच काम चालू राहतं. हवेतला ऑक्सिजन तांब्यावर थर चढवतो, आम्ल तो उतरवतं. उतरलेलं तांबं मोरीत जायचं ते पोटात जातं. मग मळमळ, उलट्या.

म्हणून कल्हई. मामू भांडं तापवून नवसागराची पूड टाकत आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवत. पांढरा धूर उठे, नाकाला झोंबे. तापलेल्या नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या आम्लानं धातू स्वच्छ झाला की कथील चिकटतं. म्हणजे आम्लापासून वाचवणारा लेप आम्लाच्याच मदतीनं चढतो!

कथील आंबटाला पुष्कळ दाद देत नाही, पण झिजतं. आमच्या गावात एका लग्नाची खट्टी दाल डेगेतच रात्री उशिरापर्यंत राहिली. डेगेच्या तळाला तांबडं दिसू लागलंय, हे मामूंनी आधीच सांगितलं होतं. "लग्न उरकू दे," असं उत्तर मिळालं. बऱ्याच पाहुण्यांना उलट्या झाल्या आणि बोल आला मामूंच्या कल्हईवर. मी नऊ-दहा वर्षांचा, भाता ओढायला सोबत असायचो. ते उत्तर मी ऐकलं होतं. मला कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आता कल्हईवाले क्वचित दिसतात, तांब्याची भांडी मात्र परत आली आहेत. साध्या पाण्याला हरकत नाही. पण परवा माझी भाची तांब्याच्या बाटलीत रात्रीच लिंबूपाणी भरून सकाळी प्रवासाला निघाली होती. मी ते मोरीत ओतलं.

"मामू, लिंबू तर चांगलं असतं ना?"

मोबाइलचा उजेड पाडून तिला बाटलीत बघायला लावलं. वरचा गळा काळपट होता. लिंबूपाणी जिथवर पोचलं होतं, तिथवर तांबं नव्यासारखं चकाकत होतं.